पक्की हजेरी

भाऊसाहेबांनी शाळेची पाण्याची टाकी रिकामी करायला लावली आणि ती रिकामी झाल्यावर तिच्यात एका कंगव्याशिवाय काहीही सापडलं नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

टाकीचा संशय येण्याचं कारण मात्र अगदी शास्त्रीय होतं. भाऊसाहेब शाळेचे हजेरी कारकून. वर्गावर्गात बाई आणि सर जी हजेरी घेतात ती कच्ची. तिच्यात खाडाखोड असते, चहाचे गोल डाग असतात, इतिहासाच्या सरांच्या हजेरीत तर मधूनमधून किराण्याची यादीही असते. रोज दुपारी हा सगळा पसारा भाऊसाहेबांच्या टेबलावर येई आणि ते तो निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात, मोठ्या पुस्तकात उतरवून घेत. ती पक्की हजेरी. एकतीस वर्षं हे काम त्यांनी इतक्या निगुतीने केलं होतं की मोठं पुस्तक कुणी उघडायला मागितलं तर ते आधी त्याचे हात बघत.

तर वरच्या कार्यालयातून एक पत्र आलं. आठवी ते दहावीच्या मुलींची हजेरी मुलांपेक्षा इतकी कमी का, याचा खुलासा करावा. भाऊसाहेबांनी मोठं पुस्तक घेतलं, ‘कारण’ या रकान्यावर बोट ठेवलं आणि मोजायला बसले. एका महिन्यात एकसष्ट वेळा ‘पोटदुखी’. एकसष्टच्या एकसष्ट मुली. दुसरा एखादा कारकून असता तर ‘आजारपण’ असं मोघम लिहून मोकळा झाला असता. भाऊसाहेब मुळाशी गेले. पोट म्हणजे पाणी, पाणी म्हणजे टाकी. मुलगे तेच पाणी पितात हा मुद्दा त्यांच्याही डोक्यात आला होता, पण मुलगे पाणी पितातच कुठे, ते एकमेकांच्या अंगावर उडवतात, असा त्यांनी त्याचा निकाल लावला.

टाकी रिकामी झाली, घासली गेली, पाण्याचा नमुना तपासणीला गेला. नऊ दिवस शाळेत पाणी नव्हतं. त्या नऊ दिवसांत पोटदुखी दुप्पट झाली. ‘बघा,’ भाऊसाहेब शिपायाला म्हणाले, ‘रोग उफाळून बाहेर येतोय.’ मग तपासणीचा अहवाल आला : पाणी पिण्यास उत्तम.

अहवाल घेऊन ते हताश बसलेले असताना शिवणाच्या बाई कात्रीच्या कपाटाची किल्ली मागायला आल्या. अहवाल त्यांनी वाचला, किल्ली घेतली आणि दारापाशी जाऊन परत फिरल्या.

‘भाऊसाहेब, तुम्हाला मुलगी आहे ना?’

‘आहे की. लग्न होऊन गेली. का हो?’

‘काही नाही. ही पोटदुखी कसली ते जरा घरी वहिनींना विचारा.’

आता ऑफिसातली बाब घरी विचारायची हे भाऊसाहेबांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पण संध्याकाळी बायको दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत बसली होती, तेव्हा त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं. मुली, दर महिन्याला, चार-चार दिवस, पोटदुखी.

बायकोचे हात थांबले. ‘दर महिन्याला म्हणालात?’

‘हो.’

‘चार दिवस?’

‘कधी पाच.’

‘आणि तुम्ही टाकी धुवून घेतलीत.’

मग ती हसायला लागली. इतकी हसली की घडी घातलेला सदरा तिने तोंडाला लावला. भाऊसाहेब आधी तिच्याबरोबर थोडं हसले, कारण संसारात तशी पद्धत असते, मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्यांचे कान गरम झाले. घरात बायको, मुलगी, एके काळी दोन बहिणी, आणि हा माणूस एकतीस वर्षं निळ्या शाईने पोटदुखी लिहितोय!

हसता हसता बायको मधेच थांबली. ‘मीही अशीच घरी जायचे,’ ती म्हणाली. ‘नववीत. फडकी ओली असायची, वाळायची नाहीत. एकदा बाकावर डाग पडला आणि मागच्या मुलींनी बघितलं. मग मी जाणंच सोडलं.’

तिने नववीत शाळा सोडली हे भाऊसाहेबांना ठाऊक होतं. ‘आमच्या हिला अभ्यासाची आवड नव्हती’ असं ते पाहुण्यांसमोर लाडाने सांगत आले होते, आणि तीही दरवेळी पाहुण्यांच्या पुढ्यात चहा ठेवत ते ऐकून घेत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताठ मानेने शिवणाच्या बाईंपुढे जाऊन उभे राहिले. ‘बाई, यावर उपाय काय?’

बाईंनी उपाय सांगितला तो इतका साधा होता की भाऊसाहेबांना जवळजवळ निराशाच वाटली. घरोघरी पैसे नाहीत. एक पाकीट आणलं तर आई आणि तीन बहिणी त्यात भागवतात. बाकीच्या जुन्या कपड्यांवर निभावतात. शाळेत बदलायला जावं तर मुलींच्या संडासाला कडी नाही. ‘कडी बसवा, आणि आत एका फळीवर पॅड ठेवा. संपले की पुन्हा ठेवा. बास.’

‘एवढंच?’ भाऊसाहेब म्हणाले. ‘आठवड्यात करून टाकू.’

हे वाक्य त्यांनी उच्चारलं तेव्हा शाळेत पहिली घंटा होत होती. पुढचे पाच महिने ते वाक्य त्यांच्या मानगुटीवर बसणार आहे याची त्यांना कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

पहिली पायरी म्हणजे खरेदी. भाऊसाहेब नाक्यावरच्या केमिस्टकडे गेले, दोन गिऱ्हाईकं जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्यांच्या बरण्या बघत उभे राहिले, तिसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा एक बरणी विकत घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. या वेळी त्यांनी मन घट्ट करून मागणी सांगितली, चाळीस पाकिटं. केमिस्टने इकडेतिकडे बघितलं, आतल्या बाजूला जाऊन प्रत्येक पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं, ती सगळी काळ्या पिशवीत घातली, ती पिशवी दुसऱ्या काळ्या पिशवीत घातली आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘बिलावर काय लिहू?’

‘जे आहे ते लिहा.’

‘शाळेच्या नावाने?’ केमिस्टला भाऊसाहेबांच्या अब्रूची त्यांच्यापेक्षा जास्त काळजी होती. त्याने लिहिलं : ‘वस्तू. नग चाळीस.’

ते बिल घेऊन भाऊसाहेब मुख्याध्यापिकांकडे गेले. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या, फक्त कुठलीही गोष्ट समितीशिवाय झाली की त्यांना ती बेवारशी वाटायची. त्यांनी बिल वाचलं. ‘वस्तू म्हणजे?’

भाऊसाहेबांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला.

‘कल्पना चांगली आहे. पण अशी गोष्ट फळीवर उघडी ठेवायची? आपण समिती नेमू.’

समितीत मोठ्या बाई, शिवणाच्या बाई, भाऊसाहेब आणि पालकांचे प्रतिनिधी म्हणून भाऊसाहेबांच्याच इमारतीतले तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनियर. त्यांची नात पाचवीत होती. इंजिनियरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत इमारतीतली एकही वस्तू त्यांनी सुधारल्याशिवाय सोडली नव्हती. जिन्यातला दिवा त्यांनी माणूस आला की आपोआप लागेल असा केला होता. तो आता मांजर आलं की लागे आणि माणूस आला की विझे.

काळ्या पिशव्या भाऊसाहेबांच्या पलंगाखाली गेल्या आणि समितीची पहिली बैठक भरली.

‘फळी?’ इंजिनियर म्हणाले. ‘भाऊसाहेब, कुठल्या जमान्यात आहात? यंत्र पाहिजे. बटण दाबलं, नग बाहेर. हात लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. माझ्या ओळखीचं एक सेवाभावी मंडळ आहे, ते देणगी देईल.’

‘कडीचं काय?’ शिवणाच्या बाईंनी विचारलं.

‘कडी ही बांधकामाची बाब आहे,’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘तिला वेगळी समिती लागेल.’

बाकी इमारतीतही बातमी पसरली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी भाऊसाहेबांना जिन्यात गाठून प्रत्येक मुलीच्या वडिलांचं लेखी संमतीपत्र घ्या असा सल्ला दिला. समोरच्या काकूंनी, आमच्या वेळी असलं काही नव्हतं आणि आमचं काही अडलं नाही, असं सांगितलं. मग इकडेतिकडे बघून, एखादं जास्तीचं पाकीट असलं तर सुनेसाठी द्या, असंही सांगितलं. भाऊसाहेबांच्या थोरल्या भावाने तर दुसऱ्या गावाहून फोन केला. ‘निवृत्तीला चार वर्षं राहिली तुझी, आता हे बायकी उद्योग कशाला?’ भाऊसाहेबांनी ‘दादा, ऑफिसचं काम आहे’ म्हणून फोन ठेवला. त्यांना शूर वाटायला हवं होतं, प्रत्यक्षात त्यांना आपण कपड्यांशिवाय बाजारात उभे आहोत असं वाटत होतं.

दोन महिन्यांनी यंत्र आलं. गुलाबी रंगाचं, माणसाच्या उंचीचं. ते मुलींच्या संडासात लावायचं ठरलं होतं, पण तिथे विजेचा प्लग नव्हता. प्लग साऱ्या शाळेत एकाच ठिकाणी मोकळा होता, शिक्षकांच्या खोलीच्या बाहेर, मोठ्या व्हरांड्यात, मैदानाकडे तोंड करून.

उद्घाटनाला देणगीदार मंडळाचे अध्यक्ष आले. सगळी शाळा मैदानात बसली. अध्यक्षांनी पडदा बाजूला केला, बटण दाबलं आणि यंत्राच्या पोटातून एका बाईचा खणखणीत आवाज आला : ‘आपण एक नग घेतला आहे! धन्यवाद! स्वच्छ राहा, आनंदी राहा!’ मुलग्यांच्या रांगांतून हसण्याची एक लाट उठली. अध्यक्षांनी नग हातात घेतला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. तेवढ्यात यंत्राने दुसरा नग टाकला. मग तिसरा. इंजिनियर धावले, त्यांनी बटण ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला, त्याबरोबर यंत्राचा वेग वाढला. अध्यक्षांच्या पायाशी ढीग साचू लागला आणि ती बाई प्रत्येक नगाला न थकता धन्यवाद देत राहिली. अखेर शिपायाने प्लग उपटला. शेवटचं ‘आनंदी’ अर्ध्यावर तुटलं.

मुलींच्या रांगा मान खाली घालून बसल्या होत्या. एकाही मुलीने वर बघितलं नाही.

यंत्र दुरुस्त झालं. आवाज तेवढा बंद होईना. ‘ती सुरक्षेची सोय आहे,’ इंजिनियर म्हणाले. त्यात समितीने दुसरी बैठक घेऊन असं ठरवलं की गैरवापर टाळण्यासाठी यंत्राशेजारी एक नोंदवही ठेवावी. लाभार्थीचं नाव, इयत्ता, तारीख, सही आणि कारण.

‘कारण?’ शिवणाच्या बाई म्हणाल्या. ‘काय कारण लिहायचं त्यांनी?’

‘ते त्या लिहितील ना,’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘रकाना तर ठेवू.’

रकाने आखायचं काम अर्थातच भाऊसाहेबांकडे आलं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्यांनी ते सुरेख केलं.

महिनाभर यंत्र व्हरांड्यात उभं राहिलं. पहिले चार दिवस मुलगे शर्यत लावून बटण दाबत होते, म्हणून शिपायाला तिथे खुर्ची टाकून बसवलं. आता मुलींना सगळ्या मैदानासमोर, शिपायाच्या देखत, सही करून, कारण लिहून, जाहीर धन्यवाद घेऊन नग न्यायचा होता. महिन्याअखेर नोंदवही उघडली तेव्हा ती कोरी होती. पोटदुखी पंच्याहत्तर.

‘म्हणजे गरजच नाही,’ मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटकाही होती. ‘आपण उगीच काळजी करत होतो.’

भाऊसाहेबांनी त्यांच्यापुढे पंच्याहत्तरचा आकडा ठेवला. बाईंनी तो बघितला आणि विचारलं, ‘टाकी पुन्हा तपासायची का?’

त्या दिवशी शाळा सुटल्यावर शिवणाच्या बाई ऑफिसात आल्या. त्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. ‘पलंगाखालची पाकिटं उद्या आणा,’ त्या म्हणाल्या. ‘कुणाला विचारायचं नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आधी, बाईंनी स्वतःच्या हाताने मुलींच्या संडासाला कडी बसवली. आत साबणाच्या फळीवर पाकिटं मांडली. वही नाही, कुलूप नाही, पाटी नाही. भाऊसाहेब व्हरांड्यात राखण करत उभे होते. आपण एखाद्या बँकेवर दरोडा घालतोय असं त्यांच्या छातीत धडधडत होतं.

आठ दिवसांत चाळीसच्या चाळीस पाकिटं संपली. त्या आठवड्यात पोटदुखी चार. भाऊसाहेबांनी तो आकडा तीनदा मोजला. मागची पुस्तकं काढून बघितली. एकतीस वर्षांत कुठल्याच आठवड्यात इतका छोटा आकडा नव्हता. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा तिने त्यांच्या ताटात न मागता जास्तीचं वाढलं.

नवव्या दिवशी मोठ्या बाईंनी बोलावलं. टेबलावर एक रिकामी काळी पिशवी होती.

‘भाऊसाहेब, चाळीस पाकिटं चोरीला गेली आहेत.’

‘चोरीला नाही, बाई. वापरली.’

‘कुणी?’

‘मुलींनी.’

‘कुठल्या?’

‘ते कसं सांगणार? वही नव्हती.’

‘नोंद नाही, सही नाही, आणि माल नाही. याला आपण काय म्हणतो?’ मोठ्या बाई रागावल्या नव्हत्या, त्या खरोखर दुखावल्या होत्या. ‘यंत्र ठेवलं तर एकीलाही नको होतं. उघडं ठेवलं तर आठ दिवसांत लंपास. मुली अशा वागतील असं वाटलं नव्हतं मला. तुम्ही तरी मला विचारायचं होतंत.’

संध्याकाळपर्यंत भाऊसाहेबांच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस आली. ती टाईप करायलाही त्यांनाच दिली होती. शिवणाच्या बाईंना वेगळी नोटीस आली, शाळेच्या दाराला विनापरवानगी कडी बसवल्याबद्दल. फळी उखडली गेली. कडी राहिली, कारण ती काढायला कुणाकडे त्या मापाचा स्क्रू-ड्रायव्हर नव्हता.

तिसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, ऑफिसच्या खिडकीशी एक मुलगी येऊन उभी राहिली. दहावीतली. शाळेत तिला सगळे कॅल्क्युलेटर म्हणत, सरांनी फळ्यावर गणित घालून खडू खाली ठेवायच्या आत ती उत्तर सांगायची म्हणून. आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची, घरी दोन धाकट्या बहिणी. भाऊसाहेब तिला वेगळ्या यादीमुळे ओळखत होते : हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांखाली जाण्याच्या बेतात असलेल्यांच्या. त्याखाली गेलं की परीक्षेचा फॉर्म जात नाही.

खिडकीपाशी तीन पालक रांगेत होते, शिपाई होता. मुलीने खिडकीच्या गजाला धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘काका, फळीवर होते ते पॅड अजून आहेत का? एक हवाय.’

पाच महिने सगळी शाळा याच वाक्याची वाट बघत होती. यंत्र, वही, समिती, सगळं याच्यासाठी होतं. आणि भाऊसाहेबांना सांगावं लागलं, ‘संपले गं.’

‘बरं,’ ती म्हणाली.

‘थांब. पाच मिनिटं थांब. मी आणतो.’

एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते हालचाल वहीत नोंद न करता शाळेबाहेर पडले. पालकांची रांग तशीच ठेवून, छत्री तिथेच विसरून, नाक्यापर्यंत अक्षरशः पळत गेले. केमिस्टचं दुकान बंद होतं. साप्ताहिक सुट्टी. पुढचं दुकान अर्ध्या मैलावर. तिथे पोहोचले तेव्हा त्यांना बोलताही येईना. तरी त्यांनी दुकानभर ऐकू जाईल असं मागितलं आणि वर्तमानपत्र, काळी पिशवी, काही नको म्हणून सांगितलं. पाकीट उघडं हातात घेऊन ते भर रस्त्याने धापा टाकत परत आले. रस्त्यावरच्या लोकांनी बघितलं. बघू देत.

खिडकीशी कुणी नव्हतं.

‘गेली ती घरी,’ शिपाई म्हणाला. ‘ओढणी कमरेला बांधून गेली. आज त्यांची गणिताची चाचणी होती म्हणे.’

भाऊसाहेब खुर्चीत बसले. दुपारी कच्ची हजेरी आली. तिच्या नावापुढे ‘गै’ होतं. त्यांनी पेन उचललं, मोठं पुस्तक उघडलं, तिची ओळ शोधली. सव्वाअकराला ती शाळेत होती. मी बघितली. आली होती, मागायचं ते मागितलं, आपण दिलं नाही. हिला गैरहजर कसं म्हणायचं? त्यांनी ‘ह’ लिहिलं.

मग मागच्या महिन्यांची पानं त्यांनी पुन्हा उतरवून काढली आणि तिचे सगळे ‘गै’ ‘ह’ केले. तिच्या वरच्या ओळीवरची मुलगी, खालच्या ओळीवरची, त्यांचेही तेच चार-चार दिवस होते. एकीला एक न्याय आणि दुसरीला दुसरा हे त्यांना जमेना. आठवडाभर ते शाळा सुटल्यावर बसून होते. त्यांना एवढंच देता येत होतं, ते त्यांनी सगळ्यांना दिलं. त्यानंतरही दर महिन्याला देत राहिले. पोटदुखीचा रकाना शाळेतून नाहीसा झाला.

आणि मग वरच्या कार्यालयातून पत्र आलं. आठवी ते दहावीच्या मुलींची हजेरी सत्याण्णव टक्के! साऱ्या विभागात पहिला क्रमांक. याचं श्रेय शाळेने बसवलेल्या यंत्राला जातं असं कार्यालयाचं मत झालं होतं. आणखी चाळीस शाळांना तशीच यंत्रं द्यावीत असा प्रस्ताव वर गेला होता. कारणे दाखवा नोटीस मागे घेण्यात आली. इंजिनियरांनी सगळ्या इमारतीला चहा पाजला आणि आवाज आणखी मोठा करता येईल असं सांगितलं.

प्रार्थनेनंतर मैदानात भाऊसाहेबांना गौरवपत्र दिलं. मोठ्या बाईंचे डोळे भरून आले होते, मनापासून. ‘दोन शब्द बोला,’ म्हणून त्यांनी माईक पुढे केला. भाऊसाहेब आयुष्यात माईकवर बोललेले नव्हते. त्यांनी समोर बघितलं. मुलींच्या रांगांत दात पडल्यासारख्या जागा मोकळ्या होत्या.

‘ज्या मुलींच्या हजेरीबद्दल हे पत्र आहे,’ ते म्हणाले, ‘त्या मुली आज इथे नाहीत. त्या घरी आहेत. मी त्यांना हजर लिहितो.’

मग मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ‘किती नम्र माणूस!’ त्या शेजारच्या सरांना म्हणाल्या. सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. शिवणाच्या बाई तेवढ्या हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या.

भाऊसाहेब खाली उतरले तेव्हा त्या जवळ आल्या. ‘खरं सांगूनही कुणाला ऐकू गेलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आता काय करणार?’

भाऊसाहेब गौरवपत्र घेऊन ऑफिसाकडे वळले.

दोन दिवसांनी ऑफिसच्या खिडकीशी पुन्हा ती कॅल्क्युलेटर आली. या वेळी रांग नव्हती. तिच्या हातात गणिताची वही होती, मधली पुष्कळ पानं कोरी.

‘काका, एक विचारू? रागावणार नाही ना?’

‘विचार.’

‘सर शनिवारी जादा तास घेतात. जी मुलं ज्या तारखेला आली नव्हती, त्या तारखेचं त्यांना परत शिकवतात. तुमच्या पक्क्या यादीवरून बोलावतात. मी गेले तर मला बसू देईनात. म्हणाले, तू एकही दिवस चुकवलेला नाहीस, तुला काय शिकवायचं? मी सांगितलं, मी नव्हते. ते म्हणाले, भाऊसाहेबांची यादी चुकत नाही.’

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. ‘अगं, ते मी तुझ्यासाठीच... तुझा फॉर्म गेला नसता.’

‘ते कळलं मला,’ ती म्हणाली. ‘आई तर तुम्हाला दुवा देते. पण मला गणित येत नाहीये, काका. मधलं सगळं गेलंय.’

‘मग काय करू मी? परत गैरहजर केलं तर फॉर्म अडकेल.’

‘सगळे नका करू.’ तिने वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे बारीक अक्षरात तारखा लिहिलेल्या होत्या. ‘तुम्ही माझे एकोणीस दिवस भरलेत. फॉर्मला सात पुरतात. बाकीचे बारा मला परत द्या.’

ऑफिसात पंखा घरघरत होता. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बटण दाबलं असावं, त्या बाईने धन्यवाद दिले. भाऊसाहेबांनी मोठं पुस्तक ओढून घेतलं, तिची ओळ शोधली आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

‘तारखा सांग,’ ते म्हणाले.